चौदा नंबरचा मोहोर

"अहो रामटेके, थंडी पडली का?"

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सुदर्शन रामटेके यांचा एक हात बत्त्यावर होता आणि खलात द्रवरूप नायट्रोजन धुमसत होता, त्यामुळे मोबाइल त्यांनी कान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरला होता. प्रयोगशाळेत मोबाइल आणायला सक्त मनाई होती. तशी पाटी दारावर होती आणि ती रामटेक्यांनीच लावली होती.

"पडली, मॅडम. सकाळी साडेनऊ होतं."

"साडेनऊ अंश होतं, की तुम्ही साडेनऊला आलात?"

"अंश, मॅडम."

"बरं. चौदा काय म्हणतंय?"

"पानं चांगली आहेत."

"पानं काय, सगळ्यांनाच येतात," असं म्हणून डॉ. उल्का करंदीकरांनी फोन ठेवला. सुरुवातीला 'हॅलो' आणि शेवटी 'अच्छा' म्हणण्यात आयुष्यातली किती वर्षं वाया जातात याचा हिशेब त्यांनी तरुणपणीच केला होता म्हणे.

करंदीकर मॅडमना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. या तेरा वर्षांत त्यांनी संस्थेत पाऊल टाकलं नव्हतं. सत्काराला बोलावलं तेव्हा "मी आजारी आहे" असं त्यांनी ठणठणीत आवाजात कळवलं होतं. पण दर वर्षी डिसेंबरात एकदा थंडीसाठी आणि मार्चमध्ये एकदा मोहोरासाठी त्यांचा फोन यायचा. संचालकांना नाही, रामटेक्यांना. संचालक या काळात पाच झाले, रामटेके एकच होते. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, येत्या एकतीस जानेवारीला निवृत्त.

संस्थेच्या मागच्या आवारात चार ओळींत ऑलिव्हची चोवीस झाडं उभी होती. संस्थेतल्या निम्म्या लोकांना ती माहीत नव्हती. उरलेले त्यांना 'पिझ्झ्याची झाडं' म्हणत. दोन हजार तीन साली मॅडमनी ती लावली, तेव्हा पुण्यात ऑलिव्ह येईल का, असा मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर वीस वर्षांत मिळालं होतं. झाड येतं. वाढतं, डेरेदार होतं, वाऱ्यावर पानांची चंदेरी बाजू दाखवतं. फुलत मात्र नाही. ऑलिव्हला फुलायला आधी काही आठवडे कडक थंडी सोसावी लागते, आणि पुण्याची थंडी ही मुख्यत्वे बोलण्यापुरती असते.

अपवाद ठरणार होता तो चौदा नंबर.

बाकी तेवीस झाडं नावागावाची होती, रीतसर यादीतली. चौदाला नाव नव्हतं. मॅडम ट्युनिशियात सात महिने प्रशिक्षणाला गेल्या होत्या, तिथे त्यांच्याबरोबर काम करणारे ताहीर म्हणून एक होते. त्यांच्या आजोबांच्या घरामागे, समुद्राच्या अंगाला, एक जुनं झाड होतं. थंडी पडो न पडो, ते फुलायचं. त्याच्या काड्या ताहीरनी सगळे सोपस्कार करून पाठवल्या. तीन आल्या, एक जगली. ताहीर कोण, याबद्दल मॅडम याहून जास्त कधी बोलल्या नाहीत. पण बाकी झाडांबद्दल त्या खड्या आवाजात बोलत आणि चौदाचा विषय निघाला की आवाज एका पट्टीनं खाली आणत, एवढं रामटेक्यांनी ऐकलं होतं. प्रयोगशाळा सहायकाला कान असतात हे शास्त्रज्ञांच्या सहसा लक्षात येत नाही.

"काका, चौदाची पावडर झाली?" निकिता भोईटे आत आली.

डॉ. निकिता वयानं मैत्रीएवढी, म्हणजे रामटेक्यांच्या मुलीएवढी होती. तिला नवा प्रकल्प मिळाला होता: या चोवीस झाडांचा आणि राजस्थानातून आलेल्या बारा नमुन्यांचा डीएनए काढायचा आणि मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणा, लावून बघायचं, की यातली खरोखर वेगळी किती आणि नावं बदलून बसलेली जुळी किती. घरी बायकोनं विचारलं, तेव्हा रामटेक्यांनी सांगितलं होतं, "असं समज, एका आळीत छत्तीस घरं आहेत. दारावरच्या पाट्या वाचायच्या नाहीत. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या होतात ते फक्त मोजायचं. दहा दिवस मोजल्या आणि दोन घरांच्या रोज तेवढ्याच भरल्या, तर समजायचं कुकर एकच आहे."

"लोकायच्या शिट्ट्या मोजायले पगार देतात?" शैलाबाई म्हणाल्या होत्या.

"झाली," रामटेके निकिताला म्हणाले. खलात पोपटी पीठ झालं होतं. ते त्यांनी नळीत भरलं, नळीवर '१४' लिहिलं. आणि मग, गेले तीन आठवडे जे होत होतं तेच झालं. त्यांनी तो आकडा अंगठ्यानं झाकला.

कारण ते चौदा नव्हतं. ते नऊ होतं.

हे जगात एका माणसाला माहीत होतं आणि त्यानं ते एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर. नागपूरला दीक्षाभूमीवर पन्नास वर्षांचा सोहळा होता. रामटेक्यांची आई तेव्हा भंडाऱ्याकडच्या गावात असायची. छप्पन साली ती सात वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. आता तिला पुन्हा एकदा जायचं होतं, आणि खांदा शिल्लक नव्हता. रामटेक्यांनी सहा दिवसांची रजा टाकली. "जा हो," मॅडम म्हणाल्या, "पन्नास वर्षं काय रोज होतात?" त्यांनाही दुसऱ्या दिवशी दिल्लीला जायचं होतं, दोन महिन्यांच्या कामासाठी. जाता जाता म्हणाल्या, "फक्त चर उकरून जा. परतीचा पाऊस आहे. ऑलिव्हला तहान चालते, पाय ओले चालत नाहीत."

रामटेक्यांनी कुदळ घेऊन दोन ओळींचे चर उकरले. मग गाडीची वेळ झाली. चौथी ओळ उतारावर होती, तिथे पाणी थांबत नसे. तिसरी राहिली.

सहा दिवसांनी परत आले तेव्हा तिसऱ्या ओळीत खोलगट जागी घोटाभर पाणी होतं. चौदाची पानं गळाली होती. मूळ उचकटून पाहिलं, तर साल बोटाला लागून आली. दोन्ही शेजारी जगले. मेलं ते नेमकं बिननावाचं.

शेडमध्ये पिशव्यांत सरावाखातर केलेली कलमं होती. सगळी नऊ नंबरची, कारण नऊ दाराजवळ होतं आणि काड्या तोडायला लांब जावं लागत नसे. त्यातलं एक त्यांनी चौदाच्या आळ्यात लावलं. मनात एवढंच होतं, की मॅडम आल्या की सांगू.

मॅडम डिसेंबरात आल्या. बॅग हातात तशीच, थेट आवारात. डोळे सुजलेले होते. "ताहीर गेले," म्हणाल्या, जणू ताहीर म्हणजे रामटेक्यांच्या ओळखीतले कुणी. "महिना झाला. मला काल कळलं. चौदा कसं आहे?"

"पाण्यानं शेंडा गेला होता, मॅडम. छाटला," रामटेके म्हणाले. आणि मग म्हणाले, "आहे."

मॅडम त्या गुडघाभर रोपाजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर सांगायला जागाच उरली नाही.

पुढे चौदा बुटकं राहिलं, कारण ते इतरांपेक्षा तीन वर्षांनी धाकटं होतं. मॅडमनी दोन हजार दहा साली त्यावर शोधनिबंध लिहिला, 'अनामिक वाणाची खुजी वाढ' असा त्यात एक आख्खा परिच्छेद होता. लेखक तीन. तिसरं नाव एस. रामटेके. "मोजमापं तुम्ही घेतलीत, नाव तुमचं लागणार," असं मॅडमनी सांगितलं आणि त्यावर वरिष्ठांनी काढलेल्या शंकांना, लिहून ठेवावीत अशी उत्तरं दिली. तो निबंध विश्रांतवाडीच्या घरात फ्रेम करून लावला होता. मधोमध बुद्ध, एका बाजूला बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला खुजी वाढ. जगात तो सतरा जणांनी वाचला असेल. त्यातले नऊ रामटेक्यांच्या घरी चहाला आलेले.

रामटेक्यांना त्या सहा दिवसांचा पश्चात्ताप करून पाहायचा होता. अनेकदा प्रयत्न केला. पण दर वेळी गर्दीत त्यांचा हात घट्ट धरून, मान वर करून स्तूपाकडे बघणाऱ्या आईचा चेहरा आडवा यायचा, आणि पश्चात्ताप तिथेच अडायचा. पुढच्या वर्षी ती गेली.

अडचण अशी होती, की नऊ नंबरच्या वाणाला सगळ्यांत जास्त थंडी लागते. म्हणजे मॅडम एकोणीस हिवाळे ज्याची वाट पाहत होत्या, ते झाड पुण्यात काय, महाबळेश्वरलाही फुललं नसतं.

*

फ्रीझरच्या तळाच्या खणात एक पुठ्ठ्याचा डबा होता. वर तिरप्या अक्षरात 'उ. क. २००५'. त्या साली मॅडमनी आणि रामटेक्यांनी मिळून चोवीसही झाडांचा डीएनए काढला होता. तेव्हाच्या पद्धतीनं त्यातून जे निष्कर्ष निघाले ते पत्रिका बघून काढल्यासारखे होते, म्हणून काम तिथेच राहिलं. डबा वीस वर्षं टिकला, कारण दर वर्षी फ्रीझरचा बर्फ काढताना रामटेके तो बर्फाच्या पेटीत हलवत आणि पुन्हा जागेवर ठेवत. फेकायचा, तर कुणाची तरी सही घ्यावी लागली असती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नमुने यंत्रात लावायच्या दिवशी, त्यांनी तो डबा काढला. चौदा नंबरची नळी नखाएवढी. आत पाण्यासारखं पाणी. ज्या झाडाचं पृथ्वीवर एक पानही उरलं नव्हतं, ते त्यात होतं.

हातात दोन नळ्या होत्या. दोन्हींवर चौदा.

रामटेके आयुष्यात एकदाच खोटं बोलले होते. आता दुसरी वेळ आली तेव्हा ती खोट्यासारखी दिसतच नव्हती. जुन्या नळीवर चौदा लिहिलं होतं आणि आत चौदाच होतं. खोटं होतं ते फक्त बाहेर उभं असलेलं झाड. नवी नळी घातली असती तर नऊ आणि चौदा जुळे निघाले असते, मॅडमच्या निबंधातला परिच्छेद गेला असता, मार्चचा फोनही गेला असता. त्यांनी जुनी नळी घातली. झाकण लावलं आणि वहीत नोंद केली. तीस वर्षांची सवय होती.

चार दिवसांनी निकिता स्क्रीनपुढून ओरडली, "काका! इकडे या आधी!"

स्क्रीनवर छत्तीस उभ्या रांगांमध्ये पट्ट्या चमकत होत्या.

"तीन आणि बावीस सेम निघाले, नावं वेगळी. राजस्थानचे पाच तर पाचही एकच, त्यांना सांगायचं कसं देव जाणे. पण हे बघा! चौदा! ही खालून तिसरी पट्टी अख्ख्या सेटमध्ये कुणाकडेच नाही. कुणाशीच मॅच नाही. टोटली युनिक!"

रामटेक्यांनी पाहिलं. बारीक, सरळ, स्पष्ट रेघ. म्हणजे ते खरंच होतं. ताहीरच्या आजोबांच्या घरामागचं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भारी ना? थांबा, करंदीकर मॅडमना सांगते." आणि हो-नाही म्हणायच्या आत तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला. "मॅडम, मी निकिता भोईटे. तुमचं चौदा नंबर एकदम वेगळं निघालंय. जगातल्या रेकॉर्डशी पण ताडून बघितलं, कुठेच नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्याचं म्हणणं खरं होतं," मॅडम म्हणाल्या.

"कुणाचं, मॅडम?"

"कुणाचं नाही. सोमवारी मी येते. बघायला."

"पण तुमच्या गुडघ्याचं..."

"गुडघा दाखवायला येत नाहीये. झाड बघायला येतेय." फोन बंद.

"सो स्वीट," निकिता म्हणाली. मग खुर्ची गर्रकन फिरवून, "काका, सोमवारपर्यंत चौदाच्या दोनशे काड्या काढायच्या. राजस्थानवाल्यांना कमी थंडीचा वाण हवाच आहे, आणि मूळ झाड थंडीशिवाय फुलायचं असं मॅडमच्या नोंदीत आहे. मी डायरेक्टरना मेल टाकलाय."

"दोनशे?"

"सध्या दोनशे. फुलायला पाच-सहा वर्षं लागतील. पण वाट बघायला काय जातंय?"

*

"काहून जी, भाजीत मीठ नाही का?" शैलाबाईंनी विचारलं.

"आहे."

"मग असे काहून बसले?"

रामटेक्यांनी सांगितलं. चर, पिशवीतलं कलम, नळी, सगळं. शैलाबाई पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहिल्या. ती करपली.

"मले वाटलंच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दर मार्चात त्या बाईचा फोन आला का तुम्ही दोन दिवस जेवत नाही. मी म्हणो पित्त असंल." करपलेली पोळी त्यांनी बाजूला काढली. "एकोणीस वर्षं सांगतलं नाही. आता पंधरा दिवस राह्यले, आता काहून सांगता?"

"आजवर एकच बाई वाट बघत होती, शैला. आता दोनशे ठिकाणी लोक बघत बसतील."

शैलाबाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. "थो पेपर खोटा पडंल."

"पडेल."

"मैत्रीनं कॉलेजात नेऊन दाखवला होता."

"माहीत आहे."

त्यांनी नवी पोळी लाटायला घेतली.

*

शनिवारी रामटेके मंडईत उतरले. रिकाम्या हातानं जाणं बरं नव्हतं आणि पेढे नेण्यासारखा प्रसंग नव्हता. मॅडमना मंडईतले मटार लागत. कोथरूडच्या मटारांत अळ्या नसतात म्हणून चव नसते, असं त्यांचं मत होतं. रामटेक्यांनी दोन किलो घेतले आणि कोथरूडची बस पकडली.

तिसऱ्या मजल्यावर दाराशी लिहिलं होतं: 'घंटा एकदाच वाजवावी. ऐकू येतं. उठायला वेळ लागतो.' रामटेक्यांनी एकदाच वाजवली. वेळ लागला.

मॅडम बारीक झाल्या होत्या. हातात काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा समोरच्याला दिशा दाखवायला जास्त वापरात असावी.

"सोमवारी मी येणारच होते. धीर धरवला नाही वाटतं? बसा. तिथे नको, वरचा पंखा तेल गाळतो." पिशवीत डोकावून म्हणाल्या, "दोन किलो? मी एकटी राहते, रामटेके, खानावळ चालवत नाही." आणि परात घेऊन सोलायला बसल्या. रामटेक्यांनीही एक मूठ शेंगा ओढल्या.

परातीचा तळ दाण्यांनी झाकला.

"मॅडम, चौदा गेलं," रामटेके म्हणाले.

"काल तर होतं."

"दोन हजार सहालाच गेलं. ऑक्टोबरात. तिसऱ्या ओळीचा चर मी उकरला नव्हता."

मॅडमचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर थांबला. रामटेक्यांना आता थांबून चालणार नव्हतं. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं: पिशवीतलं नऊचं कलम, शेंडा छाटल्याची थाप, फ्रीझरमधला डबा, दोन नळ्या. आवाज त्यांनी प्रयोगाची नोंद वाचून दाखवावी तसा सपाट ठेवला. दुसरा कुठला आवाज काढला असता तर टिकला नसता.

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मॅडमनी परातीतले दाणे एका बाजूला सारले.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी नऊ नंबरला विचारत होते, फुलणार का म्हणून."

"हो."

"नऊ नंबरला. त्याला फुलायला हिमालय लागतो."

"हो, मॅडम."

"आणि बुटकं म्हणून छापलं मी. खुजी वाढ! आख्खा परिच्छेद!"

"तिसरा लेखक मी आहे."

"पहिली मी आहे. अक्कल पहिल्या लेखकाची धरतात." त्यांनी हातातली शेंग न सोलताच परातीत टाकली. "दर वर्षी मी फोन करायचे. तुम्ही म्हणायचात, पानं चांगली आहेत."

"पानं चांगलीच होती," रामटेके म्हणाले. ते अगदी खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मॅडम खिडकीकडे बघत बसल्या. त्यांचं तोंड रामटेक्यांना दिसत नव्हतं. एकदा काठीचं टोक फरशीवर आपटलं, पण ते रागानं की हात सुटला म्हणून, हे कळलं नाही.

"पट्ट्यांचा फोटो आणलाय?"

आणला होता. चार घड्या घातलेला कागद त्यांनी शर्टाच्या खिशातून काढला. मॅडमनी भिंग मागितलं, ते टीव्हीवर होतं.

"कुठला?"

"डावीकडून चौदावा. खालून तिसरी पट्टी. ती दुसऱ्या कुणात नाही."

मॅडमनी भिंग खाली नेलं. मग थोडं वर, नेमकं तिसरीवर. त्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं नाही. बोट तिच्या शेजारी ठेवलं, कागदावर, जसं झोपलेल्या माणसाजवळ बसावं.

"त्यानं सांगितलं होतं, हे कुणासारखं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आजोबांचं झाड म्हणून बोलतोय."

मग भिंग ठेवलं. "डीएनए किती उरलाय?"

"दहा मायक्रोलिटर असेल."

"फेकू नका."

"नाही."

"निकिताला तुम्ही सांगायचं. सोमवारी. मी येणार नाही. मला बघायला काही नाही तिथे." कागद त्यांनी परत दिला नाही. "निघा आता."

रामटेके उठले. दाराशी वाकून चपला घालत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"रामटेके. आई पोचल्या होत्या का त्या वेळी? दीक्षाभूमीवर?"

"हो, मॅडम. आत नेलं होतं. हात धरून."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि दार लावलं.

*

सोमवारी रामटेक्यांनी सांगितलं तेव्हा निकिता आधी हसली, मग हसायची थांबली. "काका, मी डायरेक्टरना मेल केलाय! तुम्हाला कळतंय का? काड्या पॅक झाल्यात!" तिनं त्यांच्या देखत पुन्हा पानं तोडून आणली, पुन्हा यंत्र लावलं, आणि या वेळी रामटेक्यांना कशालाही हात लावू दिला नाही. तीस वर्षांत प्रथमच ते प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून होते. नऊ आणि चौदा दहाही मार्करवर तंतोतंत जुळले. दोनशे काड्या खताच्या खड्ड्यात गेल्या.

एकतीस जानेवारीला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि ज्यांना नाव आठवत नव्हतं त्यांची भाषणं. "रामटेके म्हणजे विश्वास," संचालक म्हणाले. निकिताच्या नव्या मेलमध्ये काय होतं ते त्यांनी अजून वाचलं नसावं. निकिता शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत नव्हती, पण जाताना जवळ आली आणि म्हणाली, "जुनी चौदाची नळी मी वेगळ्या डब्यात ठेवलीये. मायनस ऐंशीला. डब्याचं लेबल तुमच्याच अक्षरात राहू दे, म्हणून कोरं घेऊन आलेय." तिनं मार्कर पुढे केला. रामटेक्यांनी लिहिलं: १४. आणि जरा थांबून कंसात: खरं.

फेब्रुवारीत दुरुस्ती छापून आली. मसुदा मॅडमचा होता, चार ओळींचा, त्यात कुणाला दोष नव्हता: 'निरीक्षणाखालील झाड हे मूळ झाड नसल्याचे आढळले आहे.' खाली तीन नावं, तिसरं एस. रामटेके. शैलाबाईंनी फ्रेम उतरवून काच काढली आणि निबंधाखाली ती चार ओळींची चिठ्ठी सरकवली.

"आता दोन झाले," त्या म्हणाल्या.

मार्चचा पहिला आठवडा गेला. फोन आला नाही. दुसरा आठवडा अर्धा गेला. रामटेके मोबाइल आंघोळीला जातानाही दाराबाहेर स्टुलावर ठेवू लागले. बुधवारी सकाळी त्यांनी निरोप समारंभातले बूट घातले आणि शैलाबाईंना न सांगता संस्थेची बस पकडली.

फाटकावर मच्छिंद्र होता. वीस वर्षं तोच पहारेकरी होता, तरी त्यानं नियमाप्रमाणे वहीत नाव लिहायला लावलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यापाशी रामटेके अडले, मग 'पाहणी' असं लिहिलं.

तेवीस झाडं उभी होती. तिसऱ्या ओळीतलं जुळं काढून टाकलं होतं. आळं तसंच होतं, गोल, कडेला पत्र्याची पाटी: १४. रामटेके एक ते तेरा सगळ्यांखालून गेले, फांद्या वाकवून पानांच्या बगला तपासल्या. मग आळ्यापाशी उभे राहिले, तिथेही खाली वाकून पाहिलं. पुढे पंधरा ते चोवीस. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून तो नंबर लावला.

"मॅडम, रामटेके बोलतोय."

"हं."

"मोहोर आला नाही."

"कुणाला?"

"चौदाला."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. एक. मग दुसरी.

"थंडी कमी पडली असेल," मॅडम म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "यंदा चर वेळेवर उकरा."

मच्छिंद्रनं शेडमधून कुदळ आणून दिली. रामटेक्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तिसऱ्या ओळीत, रिकाम्या आळ्याच्या कडेनं उताराकडे, चर उकरायला घेतला. माती कोरडी, दगडासारखी झाली होती. बुटांचं पॉलिश पहिल्या पाच मिनिटांत गेलं.

"अहो काका," मच्छिंद्र कुंपणाला टेकून म्हणाला, "मार्चमध्ये कुठला आलाय पाऊस?"

रामटेक्यांनी ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं.

"ऑक्टोबरात येतो," ते म्हणाले, आणि पुन्हा कुदळ उचलली.